रिलीव्हर

भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत मी पंपावर होतो, तेव्हा माझ्यानंतरची पाळी एका वयस्कर पंपचालकाची असे. खाणीत पाणी सतत झिरपतं. त्यामुळे पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय पंप सोडायचा नाही असा नियम. बाकीचे उशिरा येत. हे पंधरा मिनिटं आधीच येत, मोटरीवर तळहात ठेवून ती किती तापली ते बघत आणि म्हणत, "जा बाबू, तू रिलीव्ह झाला." एवढंच आमचं बोलणं. पाच वर्षांत मी त्यांना घरचं काही विचारलं नाही, त्यांनीही मला नाही.

माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी रजा घेऊन तिच्याजवळ बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दारात उभे. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझ्या हातातला पंखा काढून घेतला.

"जा बाबू, तू रिलीव्ह झाला."

खाणीत या शब्दाचा अर्थ एवढाच, की पाळी सुटली. त्या दुपारी तो ऐकला आणि मला रडू फुटलं. बाजूच्या खोलीत जाऊन मी झोपलो.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ते तसेच पंखा हलवत बसले होते.

"तीन चमचे पानी पेली," ते म्हणाले. "मंग तुले हाक मारली."

"मला उठवायचं ना!"

"काऊन? मीच ओ देल्लो. हसली ना बाई."