साडेपाच सूत: घरगाडीच्या हीटरचा पाइप शोधत सांगलीपर्यंत

मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. कोरेगावात आमच्या दारात उकिडवा बसून मी एका जुन्या रबरी पाइपचं तोंड व्हर्नियरनं सातव्यांदा मोजत होतो. आकडा सातव्यांदाही तोच आला: १७.८ मिलिमीटर. मी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि निघायला तयार झालो. आई निघालीसुद्धा होती. माझ्या गाडीतून नव्हे. एसटीनं.

हे आधी सांगायला हवं. आमची घरगाडी माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आहे. पाचगणीच्या एका बंगल्याच्या आवारात ती बरीच वर्षं चिंचेखाली उभी होती, तिथून मी ती विकत आणली. आत दोन बाक, एक ओटा, एक कपाट आणि आईनं शिवलेले अकरा पडदे आहेत. बारावी सुटल्यापासून मी ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करतो, म्हणून इंजिन मीच जमवलं. गाडीत हीटरही आहे. इंजिनातलं गरम पाणी दोन पाइपांतून मागच्या बाकाखाली जातं, तिथला पंखा ऊब सोडतो. महाराष्ट्रात हीटर कशाला, असं सगळे विचारतात. आईला एकदा बर्फ बघायचा आहे, म्हणून. फेब्रुवारीत आम्ही दोघं हिमाचलला निघणार, असं ठरलं होतं.

मग दिवाळीनंतर सरावासाठी महाबळेश्वरला निघालो. त्याआधी आठवडाभर हीटरचा एक पाइप टोकाला किंचित झिरपत होता. मी त्याची क्लिप दोन आटे जास्त आवळली आणि आईला म्हणालो, "काही होत नाही." पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरताना पाइप निसटला आणि उकळतं पाणी आईच्या उजव्या पायावर आलं. फोड बरे व्हायला सोळा दिवस लागले. आई ब्लाउज शिवते आणि तिचं मशीन पायाचं आहे, तेव्हा त्या सोळा दिवसांत मशीनवर कापड घातलेलं होतं. ती मला एक शब्दही बोलली नाही. फक्त त्यानंतर गाडीत बसली नाही.

त्या दिवशी तिलाही सांगलीला जायचं होतं, अस्तराचं कापड आणायला. मी म्हणालो, "आई, मी तिकडंच चाललोय. मागं नको, पुढं बस."

"नगं रं बाबा. येष्टीला हीटर न्हाई, ते बरं हाय."

पाइपसाठी पहिला थांबा सातारा. कोरेगावहून रस्ता चांगला आहे, पण डिसेंबर म्हणजे उसाचे दिवस. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध गाणी लावून चाललेले असतात. त्यांच्या मागं पंचवीसच्या वेगानं चालायची मनाची तयारी ठेवा. साताऱ्यात स्टँडजवळ मिसळ आणि चहा घेतला, नव्वद रुपये, आणि दुकान उघडल्या उघडल्या आत शिरलो. माझ्या वहीत नीट लिहिलेलं होतं: "हीटर होज, आतला व्यास १७.८ मिमी." ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहिलं होतं. दुकानदारानं पान लांब धरून वाचलं.

"हौज? किती लिटरचा?"

"हौज नाही, होज. हीटरचा."

"आस्सं व्हय!" म्हणत त्यानं आतून गिझरला लावायची चकचकीत जाळीची नळी आणून ठेवली. नळी गाडीसाठी हवीय म्हटल्यावर तो दुकानाबाहेर येऊन गाडी बघून गेला. "गड्या, लोक एसी घालत्यात आनि तू हीटर घालतोस? सांगलीला जा. गनपती पेठंत रबरवाले हायत. आनि होज म्हनू नगंस तिथं. होस पाइप म्हन." मी वहीत "होज" खोडलं. बरोबर लिहिलेला शब्द खोडताना हाताला जड जातं, पण पाइप मिळायला हवा होता.

हायवेवर लागलो आणि नागठाण्याच्या पुढं मागून एक लाल एसटी भोंगा देत आली. तिसऱ्या खिडकीत आई, साताऱ्याला एसटी बदलून बसलेली. तिनं हात केला आणि एसटी पुढं निघून गेली. माझी गाडी पन्नासच्या वर नेली की कपाटाचं दार उघडतं. उंब्रजला एसटी स्टँडात गेली तेव्हा मी पुढं आलो. तासवड्याच्या टोलनाक्यावर माझा फास्टॅग वाचायला यंत्राला चार प्रयत्न लागले, तेवढ्यात आई पुन्हा पुढं. कराड स्टँडवर तिची गाडी दहा मिनिटं थांबली, मी पुढं. पेठ नाक्याला वळताना तिनं मला परत गाठलं. या वेळी तिच्या शेजारच्या दोन बायकाही खिडकीतून हात करत होत्या. आमची सगळी कथा त्यांना कळलेली दिसत होती.

आष्ट्याच्या बाजूनं दुतर्फा ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा गोड धूर. काचा उघड्या ठेवूनच जावं असा हा पट्टा आहे. दीडच्या सुमारास सांगलीत पोहोचलो. मोठी गाडी असेल तर पेठेत घुसू नका. मी घुसलो, आणि एका हातगाडीवाल्या काकांनी "आरं, घर घिऊन कुठं चाललास?" असं विचारत मला मागं-पुढं करून एका गोदामासमोर लावून दिलं.

रबराचं दुकान लांबट होतं, भिंतीला वेटोळी टांगलेली, आत टायरचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे तात्या म्हणत होते. मी बरोबर शब्द वापरला. "तात्या, हीटरचा होस पाइप पाहिजे. दोन्ही मिळून साडेनऊ मीटर."

"पाच सूत का सहा सूत?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे गॅरेजात रोजचं. पण मी आकडा मिलिमीटरमध्ये आणला होता. तिथंच वहीत भाग दिला. पाच सूत म्हणजे जवळजवळ सोळा, सहा सूत म्हणजे एकोणीस. आणि माझा आला १७.८.

"साडेपाचच्या थोडा वर आहे," मी म्हणालो.

"साडेपाच सुताचा पाइप जगात कुनी काढत न्हाई बाळा."

मी जुना पाइप काढून दाखवला. आपल्याकडं कोणताही मिस्त्री हेच सांगतो: जुना तुकडा घेऊन जा, तसाच आण. माझा तर पूर्ण पाइप होता, दोन्ही टोकांसकट; इंजिनाकडच्या नळ्यांना बुचं मारूनच निघालो होतो. पाच सूत लावून बघितला तर जुन्यापेक्षा बारीक. सहा सूत जुन्यापेक्षा मोठा. तात्यांनी तीन प्रकार समोर मांडले. पारदर्शक प्लास्टिकचा, सगळ्यांत स्वस्त. त्याला गरम पाणी चालत नाही, हे मला माहीत होतं. काळा रबरी, आत कापडाचा थर असलेला, एकशे पासष्ट रुपये मीटर. आणि निळा सिलिकॉनचा, साडेसहाशे रुपये मीटर. महाग म्हणजे सुरक्षित, असं मला वाटत होतं. तात्यांनी मान हलवली. "माल चांगला हाय. पर तुज्या जुन्या नळ्या खडबडीत असनार, क्लिप आवळलीस की ह्यो कापतोय. काळाच घे."

प्रकार ठरला, माप ठरेना. एक शेतकरी मोटारीचा पट्टा घ्यायला आले, तात्या तिकडं वळले. मी सहा सुताचा पाइप हातात धरून उभा राहिलो. सैल होईल, पण क्लिप आवळली की बसेल, असा विचार मनात आला. हाच विचार मी पाचगणीच्या आधी केला होता. दुसऱ्या हातात पाच सूत. तो चढलाच नाही तर? जोर केला आणि फाटला तर? तास झाला. अडीच वाजले. गणपतीच्या देवळापाशी दोन वाजता आई भेटणार होती, हे विसरूनच गेलो.

आई विसरली नव्हती. अस्तराची पिशवी घेऊन ती विचारत विचारत दुकानात आली. घरासारखी दिसणारी गाडी सापडायला अवघड नसते.

"काय चाललंय तुजं? पोटात कावळं वरडाय लागलं माज्या."

मी अडचण सांगितली. १७.८, पाच सूत, सहा सूत, सगळं. तिनं जुन्या पाइपचं टोक हातात घेतलं, बोट आत घालून फिरवलं, तोंड दाबून सोडलं. ते लगेच मिटलं नाही.

"ह्याच्यावरनं माप घेतलंस?"

"हो. सात वेळा."

"आरं येड्या, जुन्या ब्लाउजवरनं माप घेत्यात व्हय? घालून घालून सैल झालेला आसतोय त्यो. माप अंगाचं घ्याचं आस्तंय!"

मी जुना पाइप तिच्या हातातच सोडला. मग व्हर्नियर घेऊन गाडीकडं पळालो, मागच्या बाकाची फळी उचलली आणि हीटरच्या ज्या लोखंडी नळीवर पाइप चढतो ती पुसून मोजली. सोळाला किंचित कमी. दुसरी नळी, तेवढीच. इंजिनाकडच्या दोन्हीही तेवढ्याच. बरोबर पाच सूत. जुना पाइप वर्षानुवर्षं तापून, तेलकट होऊन फुगला होता, आणि मी त्याच्या सुजेचं माप दोन रेघा मारून लिहून ठेवलं होतं.

परत आलो तर तात्या आईला सांगत होते, "मी तेच म्हननार हुतो."

"मग म्हनायचं की," आई म्हणाली. "तास झालं उभं हाय पोरगं."

तात्या हसले आणि पाच सुताचं वेटोळं खाली काढलं. कापलेलं टोक आईनं उन्हाकडं धरून आतलं कापड नखानं खाजवून बघितलं. "ईण घट्ट हाय. टिकंल ह्यो." दहा मीटर घेतला, कारण वळणाला पाइप ताणून बसवायचा नसतो. सहा क्लिपा आणि कूलंट. एकूण दोन हजार सहाशे चाळीस. माझ्याजवळ रोख दोन हजार, आणि फोनवर पैसे जाईनात. पडद्यावरचा गोल नुसता फिरत राहिला. आईनं कमरेची पिशवी सोडली आणि सहाशे चाळीस मोजून गल्ल्यावर ठेवले.

गोदामाच्या सावलीत पाइप बसवले. नवा पाच सूत नळीवर चढताना घट्ट गेला. टोक गरम पाण्यात बुडवलं की सोपं जातं, ते पाणी शेजारच्या चहावाल्याकडून आणलं. क्लिप आवळायच्या आधीच पाइप हातानं ओढून निघत नव्हता.

"जुळलं का सूत?" आईनं पायरीवरून विचारलं.

"जुळलं."

इंजिन वीस मिनिटं चालू ठेवून चारही जोडांना कोरडा कागद लावला. कागद कोरडाच राहिला. मग शेजारच्या खानावळीत जेवलो, तिथं फोनवरून पैसे गेले. एकशे तीसचं ताट, वांग्याची भाजी झणझणीत, ताक मागाल तेवढं.

चार वाजता आईनं पिशवी उचलली. 'काही होत नाही' हे तीन शब्द माझ्या जिभेवर आले होते, ते गिळले. ती गाडीच्या दारापाशी थांबली, मागच्या बाकाकडं बघितलं आणि चढली. पण पाय खाली सोडले नाहीत. बाकावर मांडी घातली आणि वर लुगड्याचा पदर घेतला.

येताना कराडहून साताऱ्याला न जाता मसूर-रहिमतपूर रस्ता धरला. अंतर कमी आणि टोल नाही, पण रस्ता अरुंद. आरशात मला आई दिसत होती. आष्ट्याला मांडी. पेठ नाक्याला मांडी. कराडला पाय अवघडला असणार, तिनं मांडी बदलली, तरी वरच. मसूरच्या पुढं सूर्य बुडाला आणि फटीतून गार वारं आत यायला लागलं. ऊसतोड्यांच्या तळावर चुली पेटल्या होत्या. मी आरशात बघितलं. आईनं चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोन्ही पाय खाली होते. उजवा पाय हीटरच्या जाळीच्या अगदी समोर.

"हीटर लाव की रं," ती म्हणाली. "का नुस्ता बगायला आनलाय?"

मी लावला. रहिमतपूर येईपर्यंत ती झोपली होती.

कोणाला जुनी गाडी घेऊन निघायचं असेल तर माझ्याकडून एवढंच: नमुना जरूर घेऊन जा, पण माप नळीचं घ्या, आणि निम्मा दिवस मोकळा ठेवा. रस्ते, दुकानं, भाव बदलत राहतील. माझ्याजवळ या फेरीतून राहिलं ते आरशातलं एक चित्र आणि वहीतलं एक पान. त्या पानावर १७.८ मी खोडलेलं नाही. शेजारी "५ सूत" लिहिलंय, आईच्या अक्षरात. 'सूत' तिनं ऱ्हस्व काढलंय. तेही मी तसंच ठेवलंय.

हिशेब असा: डिझेल २,४००, टोल ९५, आईची एसटी अर्ध्या तिकिटात १२६, मिसळ-चहा ९०, दोन ताटं २६०, पाइप १,६५०, क्लिपा २१०, कूलंट ७८०, आणि भडंग १२०, जे कराडच्या आधीच संपलं. एकूण ५,७३१ रुपये. देणं: आईचे ६४०. दुसऱ्या दिवशी द्यायला गेलो तेव्हा ती मशीनवर होती, उजवा पाय चालू. मान वर न करता म्हणाली, "ठिव तुज्याकडंच. बर्फात च्या पाज."