धुऱ्यावरची बैठक आणि माझ्या गालातली सुपारी

माझी नात पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला घरी आली तरी तिची मीटिंग काही सुटत नाही. दर पंधरा दिवसांनी त्यांची टोळी फोनवर जमते आणि झालेल्या कामात काय जमलं, काय फसलं, पुढच्या खेपेला काय बदलायचं, ते ठरवते. त्याला ते रेट्रो म्हणतात. मी म्हटलं, हे तर आम्ही केशोरी गावच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, कधीचंच केलं. फक्त आमच्यात बोलणारी एकटी मीच होते.

तेव्हा मी धान रोवणाऱ्या बारा बायांची म्होरकी. हातापेक्षा माझी जीभ जास्त चालायची आणि त्यालाच मी देखरेख समजायची. त्या मोसमात आमचं काम सारखं मागे पडू लागलं. एका सकाळी शेताच्या मालकानं सांगून टाकलं, आज दिवस मावळायच्या आत ही बांधी झाली नाही तर उद्या दुसरी टोळी येईल.

दुपारी शिदोरी सोडताना मी सगळ्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं आणि चुका मोजायला घेतल्या. हिची ओळ वाकडी, ती सारखी पाणी पिते, तिसरी हसते फार. भात संपला, माझं बोलणं संपेना. मग मोठ्या मनानं विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे काय? सगळ्या आपापले चिखलाचे पाय पाहत राहिल्या. मला वाटलं, पटलं बायांना.

तेवढ्यात टोळीत जी वयानं सगळ्यात मोठी होती, तिनं कमरेच्या बटव्यातून अख्खी सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हे धर गालात. फोडू नको. आता आमी बोलतो."

बाया बोलू लागल्या. रोपांच्या जुड्या दूर पडतात, आणण्यातच वेळ जाते, एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, "अन् तू बोलून राह्यली का आमी कंबर सरळ करून आयकतो. बारा कंबरा, बाई."

मला इतकी उत्तरं सुचत होती की सुपारी या गालातून त्या गालात गरगरत होती.

मग जुड्या आधीच जागोजागी टाकून ठेवल्या आणि मी सुपारीसकट बांधीत उतरले. ऊन असतानाच बांधी रोवून झाली. मालक धुऱ्यावर आला, पाहत राहिला आणि काळजीनं म्हणाला, "बाई, तब्येत बरी नाही काय?"

टोळी टिकली. पुढे प्रत्येक बांधीनंतर बैठक बसायची आणि सुपारी न विसरता माझ्याकडे यायची.

काल नातीच्या मीटिंगमध्ये एकच माणूस अर्धा तास बोलत होता. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमचे साहेब, आजी."

तिच्या बॅगेत चिवड्याखाली एक सुपारी ठेवली आहे. अख्खी.