अब्बांच्या अत्तराच्या बाटलीतला पारा

मंडळी, आज घरातून एक बाटली बाहेर काढली. तेव्हापासून करमेना, म्हणून इथं लिहितोय.

उंब्रजला हायवेलगत आमचं गाड्यांच्या भंगाराचं दुकान आहे. सकाळी एक जुनी परदेशी गाडी तोडायला आली. बॉनेट उचललं आणि आतला छोटा दिवा लागला. अब्बाच आठवले.

या दिव्याचं बटण पाऱ्यावर चालतं. झाकण वर गेलं की बटणातला पारा कलंडतो आणि दिवा लागतो. अब्बा हयात होते तेव्हा ही बटणं फोडून पारा आपल्या अत्तराच्या रिकाम्या बाटलीत साठवायचे. ईदला तो बशीत ओतायचे आणि आम्ही भावंडं ते चकचकीत थेंब बोटांनी पळवायचो. ते विष आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता गाडी दाबण्याआधी आम्ही बटण अख्खं काढून डब्यात बंद करतो. फुटलं तर पारा माती-पाण्यात जातो. आज घातक कचऱ्याची गाडी तो डबा न्यायला येणार होती. कपाटातली अब्बांची बाटलीही द्यायचं ठरवलं.

अम्मी म्हणाली, "आरं, वास तरी घिऊ दे."

"उघडायची न्हाई अम्मी. लय वाईट असतंय ते."

तिनं बंद बाटली पदराला घासली, पदर नाकाशी धरला आणि बाटली माझ्या हातात दिली. "जा, घिऊन जा."

तुमच्या घरातून असं काही काढावं लागलं, तेव्हा घरच्यांना काय सांगितलंत?

संध्याकाळ झाली. अम्मीनं अजून साडी बदललेली नाही.