नाव बाराव्या दिवशी ठेवतात

समोरच्या फ्लॅटमधली पोलिश बाई माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायला लागली, तेव्हा मला मुळात बोलायचाच कंटाळा आला होता. कुठल्याही भाषेत. एका दुपारी तिनं दार वाजवलं. हातात खसखशीचा केक होता. पाठ करून आणलेलं वाक्य तिनं एका दमात म्हणून टाकलं, की तुम्हाला पोस्टमनशी बोलताना ऐकलं, तुम्ही छान बोलता, मला शिकवाल का? मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि तेवढी उमेद माझ्यात नव्हती.

२००५चा उन्हाळा होता. आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये राहायचो. नवरा लिक्सलिपच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. ही पोलिश बाई जवळच्याच बिझनेस पार्कात पहाटेपासून सँडविचेस भरायची आणि दुपारी मोकळी व्हायची. तिला वृद्धाश्रमातली नोकरी हवी होती. तिथे म्हाताऱ्यांशी बोलावं लागतं, आणि सँडविच काही बोलत नाही, हे तिचंच म्हणणं.

मग आमची शाळा सुरू झाली. कपाटाला इथे ‘प्रेस’ म्हणतात. ‘ग्रँड’ म्हणजे भव्यबिव्य काही नाही, नुसतं बरं चाललंय. पाय मोडून घरी बसलेला माणूसही ग्रँडच असतो. हे सगळं मलासुद्धा इथे आल्यावरच कळलेलं. इंग्लिश मिडियमच्या माझ्या शाळेनं यातलं काही शिकवलं नव्हतं. ती शिकायची झपाट्यानं, पण बोलायची कशी, तर आमच्या शनिवार पेठेतल्या म्हाताऱ्यांसारखी. तोडून. “चहा दे.” “खिडकी लाव.” मी म्हटलं, बाई गं, असं नाही चालत इथे. आधी ‘फार त्रास नसेल तर’ म्हणायचं, मग ‘जमेल का’ म्हणायचं, शेवटी चहा. ती म्हणाली, “तोपर्यंत चहा गार.” मला हसू आलं नाही, पण तिचं म्हणणं खरं होतं. आपल्या घरात तरी ‘प्लीज’ कोण म्हणतं?

एकदा तिनं विचारलं, की आश्रमात कुणा म्हाताऱ्याची बायको मेली, तर काय म्हणायचं? मी सांगितलं, हात हातात घ्यायचा आणि ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं. बायको ‘गेली’ म्हणायचं, ‘आता सुटली’ म्हणायचं, ‘चांगल्या ठिकाणी आहे’ म्हणायचं.

“मेली असं का नाही म्हणायचं?”

“लोकांना त्रास होतो.”

“ज्याची मेली, त्याला तर माहीत आहे,” ती म्हणाली.

तिची नजर पॅसेजमधल्या खोक्याकडे गेली. गाडीत बाळाला बसवायच्या सीटचं ते खोकं होतं, पट्टीसुद्धा न फाडलेलं. मेपासून ते तिथेच होतं. नवरा त्याला वळसा घालून जायचा, मीही घालायचे.

“बाळाचं?” तिनं विचारलं.

“हो.”

“बाळ कुठे?”

मी म्हटलं, “शी डाइड.” हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता. मराठीत तर अजूनही नव्हता उच्चारला.

खरं सांगायचं तर तोवर मला इतकं काही ऐकवलं गेलं होतं, की कान बधिर झाले होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, देवाच्या मनात होतं ते झालं. आई म्हणाली, झालं गेलं गंगेला मिळालं, आता तब्येत सांभाळ. इथल्या मराठी मैत्रिणी डबे घेऊन आल्या, ‘अजून वय आहे गं तुमचं’ म्हणून गेल्या, आणि नंतर फोन करायच्या बंद झाल्या. ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या एकीच्या मुलाचं बारसं झालं. सगळे गेले होते. मला कळलं ते नवऱ्याच्या डब्यासोबत ऑफिसातून परत आलेल्या पेढ्यांमुळे. विचारलं तर ती म्हणे, “अगं, तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलावलं.” वा गं शहाणे! मला वाईट वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. पेढा खाल्ला, चांगला होता.

पोलिश बाईनं यातलं काही म्हटलं नाही. तिच्याकडे ते शब्दच नव्हते. मी नुकतेच शिकवलेले तेवढे होते, तेही तिनं वापरले नाहीत. तिनं विचारलं, “बॉय ऑर गर्ल?”

“गर्ल.”

“नाव?”

“नाही.”

तिला वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय. तिनं पुन्हा विचारलं. तिचा काय दोष! हॉस्पिटलमध्येही हेच झालं होतं. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि नर्स रोज विचारायची, “हॅज शी अ नेम?” आम्ही दोघं शहाण्यासारखे सांगायचो, अजून नाही, आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात. तिनं दोनदा सांगून पाहिलं, की आजच ठेवलंत तरी चालेल. आम्हाला कळलंच नाही ती काय सांगतेय. आम्हाला वाटलं, हिला आपली पद्धत समजत नाहीये, आणि मी चक्क पाळणा कसा सजवतात ते तिला समजावून सांगितलं. बाळ बाराव्या दिवसापर्यंत पोहोचलं नाही. पायाच्या पट्टीवर ‘बेबी’ आणि आमचं आडनाव, एवढंच राहिलं.

ते सगळं मी हिला सांगितलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, मग नाव सांगते, आणि बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्क्या मारतात. तिनं विचारलं, मारतात का? मी म्हटलं, पद्धत. तिनं मान हलवली. मी कप विसळायला उठले.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही. नाव ठरलेलं होतं. सातव्या महिन्यातच मी ते मनाशी पक्कं केलं होतं, आणि बारशाआधी फोडायचं नसतं म्हणून नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. आता ते माझ्या एकटीच्या तोंडात अडकून पडलं होतं. सांगायचं कुणाला? ज्या कानात सांगायचं, तो कान मातीत. आणि मी ते कधीच बोलले नाही, तर माझी मुलगी जन्मभर ‘बेबी’च राहणार होती. जन्मभर म्हणजे माझ्या जन्मभर. रोज सकाळी दात घासताना हे मनात यायचं, आणि मी चूळ भरून चहा टाकायचे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला आलं. नवऱ्यानं इंडियन दुकानातून पणत्या आणून प्रेसवर ठेवल्या होत्या. लावू या का, असं विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं, आणि लावू नको, असं म्हणायची मला गरज वाटत नव्हती. दुपारी ती आली. वह्या आणल्या नव्हत्या. काळा कोट होता, आणि पिशवीत लाल काचेचे, वर पत्र्याचं झाकण असलेले दोन दिवे. म्हणाली, आज पोलंडमध्ये सगळी माणसं स्मशानात जातात. लहान, म्हातारी, सगळी. दिवे लावतात. तिची आई आज तिच्या वडिलांच्या थडग्यावर दिवा लावणार होती.

“माझं इथे कुणी मेलेलं नाही,” ती म्हणाली. “तुझं आहे. मी तुझ्याबरोबर येऊ?”

आणि मग आठवणीनं तिनं पुढे जोडलं, “फार त्रास नसेल तर.”

मला कुठे जायचं तेच माहीत नव्हतं. हॉस्पिटलनंच सगळी सोय केली होती. एवढ्या लहानांना आपल्यातही पुरतातच. नवरा आणि त्याचा एक मित्र गेले होते. ‘आपल्यात बाई जात नाही तिकडे,’ सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

“कुठे आहे ती?”

मागे कुणीतरी हसत होतं. मग त्यानं स्मशान कुठलं, बस कुठली ते सांगितलं, आणि म्हणाला, “मेन गेटमधून डावीकडे जा. शेवटच्या भिंतीशी लहान मुलांची जागा आहे. भिंतीकडून दुसरी रांग, निळ्या भिरभिऱ्याच्या शेजारी.”

“तुला एवढं पाठ कसं?”

“शनिवारी जातो ना मी.”

“शनिवारी तू भाजी आणायला जातोस.”

“भाजी पण आणतो,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला नको असेल.”

“विचारलंस?”

“नाही.” मग हळूच, “मी येऊ का आत्ता?”

मी म्हटलं, घरी ये, पणत्या लाव. आम्ही जाऊन येतो. प्रेसवरची एक पणती, वात आणि तेलाची छोटी बाटली मी पर्समध्ये टाकली.

बस बदलून पोहोचेस्तोवर उजेड उतरायला लागला होता. लहान मुलांची ती जागा म्हणजे खेळण्यांचं दुकान उघड्यावर मांडल्यासारखी. अस्वलं, बाहुल्या, चिखलानं माखलेल्या मोटारी, आणि जिकडेतिकडे गरगर फिरणारी भिरभिरी. आमची पाटी वितीएवढी. तिच्यावर ‘बेबी’ आणि आडनाव. मी पाहिलं. आत काही हललं नाही. पणती लावली, ती वाऱ्यानं लगेच विझली. पोलिश बाईनं तिचे दोन्ही दिवे लावून पाटीशी ठेवले, ते राहिले.

तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि थांबली. “प्रार्थनेत नाव लागतं,” ती म्हणाली. “कुणासाठी म्हणू?”

“सांगितलं ना तुला. नाव ठेवलेलं नाही.”

“मग ठेव.”

“मी नाही ठेवू शकत. आत्या लागते.”

“आत्या म्हणजे?”

“बापाची बहीण. ती नागपूरला असते.”

तिनं क्षणभर विचार केला. “इथे मी आहे,” म्हणाली, आणि कोटाची पर्वा न करता ओल्या गवतात गुडघे टेकून बसली. “मला सांग. मी तिला सांगते.”

मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. इतके महिने आत ठेवलेला शब्द. खाली वाकून तिच्या कानाशी सांगितला. तिनं म्हणून पाहिला, चुकला. मी म्हटलं, असं नाही, शेवटचं अक्षर लांब. पुन्हा चुकला. शिकवायची सवयच झालेली, मी पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा तिनं तो अगदी बरोबर म्हटला, माझ्या आईनं म्हटला असता तसा. मग ती ओणवी झाली, पाटीशेजारच्या मातीशी तोंड नेलं, तिला आठवत होतं तसं कुर्रर्र केलं, आणि माझ्या मुलीला तिचं नाव सांगितलं.

मी मूठ वळली आणि तिच्या पाठीत बुक्की मारली. पद्धत म्हणून मारायची त्याहून जोरात बसली. ती हलली नाही. मी आणखी एक मारली, मग आणखी एक. माझ्या तोंडातून कसला आवाज निघत होता, मला माहीत नाही. मी मारतच होते, आणि ती मातीशी वाकलेली तशीच, माझं होईपर्यंत पाठ देऊन बसून राहिली.