भाऊजींची महिन्याची तपासणी

आमच्या धाकट्या दिरांइतका यंत्रांना जीव लावणारा माणूस तुम्ही दिवा घेऊन शोधलात तरी अख्ख्या डोंबिवलीत मिळायचा नाही. कॉम्प्युटरचं दुकान त्यांचं. दवाखान्यांना, ऑफिसांना मोठाली यंत्रं, ती सर्व्हर का काय, विकायचे. नुसती बसवून येतील तर शपथ! आधी हळदकुंकू, मग नारळ, आणि नारळाचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून स्वतः मध्ये उभे. सदरा ओला, आणि चेहरा लेक सासरी धाडल्यासारखा. खिशात कायम पिवळं फडकं. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी मिक्सर पुसणार. "वहिनी, याला श्वास घेता येत नाहीये हो!" दमा मला आहे, पण ते कधी विचारलं नाही.

मग लोक यंत्रं घेईनासे झाले. ठाण्याला मीटिंगमध्ये कंपनीवाल्यांनी सांगितलं, खोकी विसरा, आता क्लाउड विका. लोकांची माहिती दूरच्या यंत्रांवर ठेवायची आणि तिची काळजी घ्यायची. भाऊजी पडेल चेहऱ्याने परतले. "वहिनी, नारळ फोडायचा कशापुढे?" दिवाळीपर्यंत जमलं नाही तर दुकानाला कुलूप, हे ठरलेलंच.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ठाण्यातच, कोपरीत वधूवर मंडळ चालवणाऱ्या काकू. बाईमाणसाला बाईमाणूस पटवेल म्हणून मलाही नेलं. काकूंच्या कॉम्प्युटरातली सगळी स्थळं भाऊजींनी आदल्या दिवशीच वर, त्या क्लाउडवर, चढवून ठेवलेली. पण काकू म्हणाल्या, "माझ्या हातात काय देता ते बोला."

भाऊजींनी विचारलं, "यातलं काय गेलं तर तुमचा जीव जाईल?"

काकूंनी पडद्यावर सख्ख्या भाचीच्या पत्रिकेवर बोट ठेवलं. आठ वर्षांनी कालच तिला होकार आलेला. भाऊजींनी तीच कॉम्प्युटरवरून उडवली!

"अहो, काय केलंत हे!"

"ज्याची भीती वाटते तेच तपासायचं असतं, काकू. आता परत आणतो."

आणि नेमकं नेट गेलं. काकूंनी उठून दाराला कडी घातली. वीस मिनिटं भाऊजी घामाघूम होऊन त्यांचा कॉम्प्युटर पुसत बसले, मी कुलदैवताला नवस बोलले. शेवटी पत्रिका परत आली, तेव्हा कुठे काकूंनी पाणी विचारलं. "दर महिन्याला येऊन असंच उडवून, परत आणून दाखवायचं. कबूल असेल तर काम तुमचं."

काकूंना कळलं म्हणजे ठाण्याला कळलं. दवाखाने आले, शिकवण्या आल्या, पापडवाल्या आल्या. सगळ्यांना तीच तपासणी हवी. दुकान तरलं. नारळ आता पहिली फाइल परत आली की फुटतो.

आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांचे फोटोही भाऊजींनीच वर ठेवलेत. महिन्यातून एकदा येतात, मिक्सर पुसतात, कॉम्प्युटरपुढे बसतात. "वहिनी, कुठला?"

"तो कुंडीतल्या जास्वंदीचा उडवा."

"वहिनी..."

मग मी मुकाट्याने बोट ठेवते. आंबा खाताना हसतायत, रस कोपरापर्यंत ओघळलाय, तो. भाऊजी तो उडवतात. पडदा पांढरा होतो. येणार हे दोघांनाही ठाऊक असतं, तरी त्यांच्या मुठीत फडकं चुरगळलेलं असतं, आणि मी पदर धरून बसलेली असते.

"आला हं दादा," ते हळूच म्हणतात. मी चहा टाकायला उठते.