सौनातलं बिऱ्हाड

हेल्मी पेल्कोला सौनात जन्मली आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी चंबूगबाळं आवरून पुन्हा सौनातच राहायला गेली. तिला चांगलं दोन मजली घर होतं, आजही आहे. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं. मी तिची शेजारीण, गावच्या शाळेची बस चालवते, आणि छातीठोकपणे सांगते की त्या हिवाळ्यात आमच्या गावात शहाणं माणूस एकच होतं.

आमच्याकडे, अमेरिकेत लेक सुपीरियर सरोवराच्या काठाला, फिनलंडहून आलेल्या जुन्या लोकांनी जमीन घेतली की आधी सौना बांधायचा, घर मागाहून. सौना म्हणजे लाकडाची खोली. आत भट्टी, भट्टीवर दगड, दगडांवर पाणी मारलं की वाफ. पुढे कपडे बदलायला आणखी एक लहान खोली. घर उभं राहीपर्यंत सगळं कुटुंब त्यातच झोपायचं, बायकांची बाळंतपणंही तिथंच व्हायची. हेल्मीच्या आजोबांनी तो जमिनीच्या पार टोकाला, ओढ्याकाठी बांधला. घर मात्र पुढे, रस्त्याला लागून. मग रस्त्यापलीकडे शाळा आली. हेल्मीचा एकुलता मुलगा डेल घंटा झाल्यावर घरातून निघायचा आणि तरी वेळेवर पोचायचा.

हा डेल बावीसचा असताना एका पंधरा वर्षांच्या मुलीशी जे करू नये ते करून बसला. पार्टी होती, दारू होती. पण ती कारणं त्यानं कधी पुढे केली नाहीत आणि हेल्मीनं करू दिली नसती. गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. मुलीच्या घरचे गाव सोडून गेले. तिच्या वतीनं बोलायचा हक्क मला नाही, म्हणून मी बोलत नाही. डेल सुटून आला तेव्हा त्याचं नाव राज्याच्या यादीवर चढलं होतं. नाव, फोटो, पत्ता, कुणीही उघडून बघावं. शिवाय कायदा असा की, अशा माणसानं शाळेपासून किंवा मुलांच्या खेळाच्या मैदानापासून हजार फुटांच्या आत राहायचं नाही.

घर तर शाळेच्या तोंडावर. मग डेल जंगलात, शिकारीच्या दिवसांत वापरायच्या एका खोपटात राहायला लागला. तिथं ना नळ, ना वीज, आणि हिवाळ्यात रस्ताही नाही. दिवसा तो आईकडे यायचा, त्याला बंदी नव्हती. लाकडं फोडायचा, छपरावरचा बर्फ ओढायचा, तिच्यासोबत जेवायचा. अंधार पडला की पुन्हा जंगल. अशी वर्षं गेली. बावीसचा पोरगा चाळिशी ओलांडून गेला, केस पिकले, आणि आईच्या घरात एक रात्र झोपला नाही.

मग हेल्मीचे डोळे गेले. म्हणजे कडेकडेचं दिसायचं, नजरेच्या मधोमध काळा डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. त्या जानेवारीत ती पहाटे मागच्या पायऱ्यांवर घसरली. मी बस काढायला निघाले म्हणून दिसली, नाहीतर गोठून गेली असती. डॉक्टर म्हणाला, "ह्यांना आता एकटं ठेवता येणार नाही. घरात कुणीतरी चोवीस तास हवं, नाहीतर शहरातला वृद्धाश्रम."

"मला मुलगा आहे," हेल्मी म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

घरी आल्यावर तिनं शेरीफच्या कचेरीतल्या सारीला बोलावून घेतलं. हा केविन सारी तरणाताठा पोलीस, यादीवरच्या लोकांची तपासणी त्याच्याकडे. हेल्मी म्हणाली, "पोरा, शाळेच्या कुंपणापासून अंतर मोजून दे."

"मिसेस पेल्कोला, तुमचं घर हजाराच्या आतच आहे हो. कितीदा मोजलंय."

"घर कोण म्हणतंय? सौना मोज."

सारी फूट मोजायचं चाक घेऊन आला. कंबरभर बर्फात चाक कसलं फिरतंय! ते रुतलं, मागोमाग हा रुतला. शेवटी पायाला बर्फावर चालायच्या जाळ्या बांधून, लांब टेप ओढत, शिव्या हासडत ओढ्यापर्यंत गेला. मी खिडकीतून बघत होते आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. कायद्याची रेघ बटाट्याच्या वाफ्यातून गेली. सौना रेघेच्या पलीकडे.

"सौनात राहायला मनाई आहे का?" हेल्मीनं विचारलं.

सारीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तसं कुठं लिहिलेलं नाही."

"मग लिहून घे. डेल पेल्कोला, मुक्काम सौना. त्याला माझ्या घरात झोपता येत नाही ना, मग मी त्याच्या घरात झोपीन."

डेल हबकला. "आई, तुला काही कळतंय का? नऊ फुटांची खोली ती!"

"माझ्या आईनं तिथं चार पोरं काढली. तू एकटा आहेस. बिछाना उचल."

झालं. दोन खाटा, कॉफीची किटली, वेलदोड्याच्या गोड पावाचा डबा आणि रेडिओ, एवढं घेऊन बिऱ्हाड हललं. डेल ओढ्याचा बर्फ फोडून पाणी आणायचा, रात्री उठून भट्टीत लाकूड सारायचा, आईला हाताला धरून आडोशाला न्यायचा. हेल्मीचा चेहरा असा फुलला की जणू लग्न होऊन नव्या घरी आलीय.

पण गावाला कुणाचं सुख बघवतंय? मार्लिस टर्व्हो, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, वर्षानुवर्षं शनिवारी हेल्मीच्या त्याच सौनात पाठ शेकायला येणारी. डेल सुटून आला तेव्हापासून यायची बंद झाली. आता तिनं गावसभेत ठराव मांडला. ओढ्याच्या पलीकडे पंचायतीचा जमिनीचा तुकडा आहे, तिथं मुलांसाठी मैदान करावं. एक झोका टांगला, एक बाक टाकलं की झालं.

मी उभी राहिले. "मार्लिस, तिथं डासांशिवाय कुणी खेळायला जात नाही. सरळ सांग ना, झोका टांगला की सौना हजार फुटांच्या आत येतो!"

"हो, येतो," मार्लिस म्हणाली. तिनं ते लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगते. "माझ्या दोन नाती त्या शाळेत आहेत. हेल्मी, माझा तुझ्यावर राग नाही."

"राग असता तर बरं झालं असतं," हेल्मी म्हणाली. "राग उतरतो तरी."

हात वर झाले आणि ठराव पास झाला. मी तिथंच टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली, उपयोग शून्य. फक्त रस्त्यांचं काम बघणाऱ्या माणसानं कोपऱ्यातून सांगितलं की जमीन दगडासारखी गोठलीय. झोक्याचे खांब पुरायचे तर बर्फ वितळायला हवा, मे उजाडेल. मेमध्ये झोका, आणि झोका आला की डेल जंगलात आणि हेल्मी वृद्धाश्रमात. तिच्याजवळ एवढाच हिवाळा उरला होता.

त्याच आठवड्यात सारी कॉफी प्यायला आला आणि हळूच म्हणाला, "राजधानीत कायदा बदलायचं चाललंय. कोर्टांनी सरकारला फार झापलंय. यादी राहील, पण हजार फुटांची अट काढायचा विचार आहे. समितीपुढे कुणीही जाऊन बोलू शकतं. मी स्वतःच लिहून कळवलंय, अशी माणसं जंगलात राहिली तर आम्ही नजर कशी ठेवायची?"

हेल्मीनं कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्या गाडीत पेट्रोल आहे का?"

डेल कळवळला. "नको ना आई. सगळ्या राज्यासमोर लोक तुझ्याकडे बोट दाखवतील."

"दाखवू देत. मला दिसणार थोडंच आहे!"

राजधानी मोठ्या पुलापलीकडे, दिवसभराचा रस्ता. गोष्टीतले राक्षस पुलाखाली राहतात ना, म्हणून पुलाखालच्या, दक्षिणेच्या मुलखातल्या लोकांना आम्ही थट्टेनं राक्षस म्हणतो, आणि ते आम्हाला रानटी. वादळात समोरचं दिसेना, मी काच पुसत पुसत गाडी हाकत होते. शेजारी हेल्मी डब्यातला पाव खात निवांत बसली होती. डेल सौनात एकटा आणि आई त्याच्यासाठी एवढ्या दूर, हे त्याला सोसत नव्हतं, दर तासाला फोन. शेवटी तिनं फोन बंदच करून टाकला.

समितीच्या दालनात उंच खुर्च्यांवर आमदार, खाली एक टेबल. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी तिला टेबलापर्यंत नेलं. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कुठं राहता?"

"सौनात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हेल्मी थांबली. हसू पुरतं विरेपर्यंत थांबली.

एका आमदाराचा आवाज करडा होता. "बाई, तुमच्या मुलानं गुन्हा केलाय हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"शिक्षा झाली त्या दिवशी मी कोर्टात पहिल्या बाकावर बसले होते. त्या मुलीची आई माझ्या शेजारच्या बाकावर होती. मान्य आहे का म्हणून मला विचारू नका. त्याचं नाव यादीवर ठेवा, फोटो ठेवा. सारीचा पोरगा दार वाजवतो, वाजवू दे, मी कॉफी देते. मला एवढंच सांगा. माझं घर शाळेसमोर आहे. दिवसा समोर पोरं खेळत असतात, तेव्हा माझा मुलगा माझ्या अंगणात लाकडं फोडतो, तुमचा कायदा त्याला काही म्हणत नाही. संध्याकाळी पोरं घरी जातात, शाळेला कुलूप लागतं. मग कायदा येतो आणि म्हणतो, आता इथं झोपू नकोस. शाळेत कुणी नसतं तेव्हा तुम्ही त्याला हाकलता. कुणाला वाचवता हो, फळ्याला?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. करड्या आवाजाचा आमदार पुढचे कागद चाळायला लागला, बराच वेळ चाळत राहिला. मी माझं नाव दिलं नव्हतं, तरी मला राहवलं नाही. मागून ओरडले, "मी त्या पोरांची बस चालवते! तीच रोज मला विचारतात, आजी सौनात का राहते. मी काय उत्तर देऊ?" मला गप्प बसवण्यात आलं. पण बोलून तर झालं होतं.

त्या वर्षी वसंत म्हणून काही आलाच नाही. एप्रिलमध्ये बर्फ, ईस्टरला बर्फ. सगळं गाव आभाळाला शिव्या देत होतं आणि हेल्मी रोज सकाळी दारात उभी राहून काठीनं जमीन ठोकून बघायची. टणक लागली की खूश. झोक्याचे रंगवलेले खांब पंचायतीच्या गॅरेजात भिंतीला टेकून उभे होते.

कायदा झाल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेसमोर बसमध्ये पोरांची वाट बघत होते. सारीचा फोन. हजार फुटांची अट गेली, एक तारखेपासून लागू. मी काय केलं असेल? बसच्या हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मुख्याध्यापिका धावत बाहेर आली, म्हणाली, "आग लागली का?" मी म्हटलं, "विझली, बाई, विझली!" आणि ओढ्याच्या बाजूनं पेल्कोलांच्या सौनातून कुणीतरी भांडं बडवायला लागलं. ती हेल्मी होती.

एक तारखेला आम्ही बिऱ्हाड परत हलवलं. जमीन अजून गोठलेलीच. सारी सुट्टी असून आला, एक खाट त्यानंच वाहिली. डेल घराच्या मागच्या दारापाशी येऊन थांबला. ह्या दारातून तो हजारदा आत गेला असेल, पण तेव्हा प्रत्येक वेळी निघायची वेळ मनात असायची. आता बिछान्याची गुंडाळी काखेत धरून नुसता उभा राहिला. मला त्याला घाई करवली नाही.

रस्त्यापलीकडून मार्लिस चालत आली. मी बाह्या सावरल्या. ती फाटकाशीच थांबली. "हेल्मी, मी काही माझं मत बदललेलं नाही. माझ्या व्हरांड्यातला दिवा रात्रभर चालू राहील, सांगून ठेवते."

"राहू दे," हेल्मी म्हणाली. "डेलला लाकडं आणायला उजेड होईल."

मार्लिसच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. हसली म्हणता येणार नाही. पण आली तशी मुकाट्यानं परत गेली.

मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. हेल्मीनं चाचपत चाचपत कॉफी टाकली, मला मदत करू दिली नाही. डेल सामान घेऊन वर गेला. जिन्याच्या पायऱ्या करकरल्या, मग वरच्या खोलीतली जमीन. तिची मान आवाजामागोमाग छताकडे वळत गेली, खिडकीकडे, मग कपाटाकडे, मग पलंगाकडे. किटली उतू गेली तरी तिला पत्ता नाही. आता ही रडणार, आणि रडली तर मीही रडणार, म्हणून मी हवापाण्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिनं टेबलावर थाप मारली आणि घर दणाणेल अशा आवाजात ओरडली, "डेल! बूट काढ आधी! वर सगळा चिखल करशील!"

वरचे पाय थबकले. मग धप्प, आणि पुन्हा धप्प, दोन्ही बूट पडले.

"काढले, आई," वरून आवाज आला.