धाकट्या जावेची काळी खिडकी

पुंडलिकनगरात वैदेहीला सगळे 'क्लासवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि ते तिला मनापासून आवडायचं. घराच्या पुढच्या खोलीत मराठी टायपिंगचा क्लास तिनंच उभा केला होता. कॉम्प्युटरवर काही टाकायचं असलं की सीडी घालायची, माउस धरायचा आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत सुटायचं. समोर काय लिहून येतंय ते वाचायच्या भानगडीत बाई कधी पडल्या नाहीत. सासूबाई भाजीवाल्यालाही ऐकवायच्या, "आमची वैदेही आहे म्हणून क्लास आहे."

मग दिराचं लग्न झालं आणि पुण्यात नोकरी केलेली चारुता धाकटी जाऊ म्हणून घरात आली. ती दुष्काळाची वर्षं. कापूस हातचा गेला तशी गंगापूर, पैठणकडची पोरं-पोरी शहरात खोल्या करून राहायला लागली. टायपिंगची परीक्षा द्यायची आणि कुठंतरी चिकटायचं. क्लासला जागा पुरेना. चारुतानं सगळी मशिनं लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टीमवर नेली आणि एका मुख्य मशीनला जोडून टाकली, तिथं केलेलं सगळीकडे व्हायचं. आता काही टाकायचं किंवा काढायचं असलं की ती एक काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, एंटर मारायची. पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं बांधलेलं गाठोडं, आपणहून उतरायचं, त्याला लागणारी बाकीची पॅकेजंही सोबत घेऊन यायचं. वैदेही नुसती बघत राहायची आणि तिच्या पोटात दुखायचं.

वैदेहीनं एकेक वाक्य जुळवून केलेले धडेसुद्धा चारुतानं प्रेमानं पॅकेजमध्ये बांधून दिले. आपलंच लेकरू हिनं उचलून कडेवर घेतलं, असं वैदेहीला वाटलं.

आणि सासूबाई? टँकरपाशी नंबर लावून उभ्या असतानाही त्यांची टकळी सुरू, "चारुता आली आणि क्लासला बरकत आली बघा." वैदेही हंडा घेऊन त्यांच्या मागेच उभी होती. तिचा जीव नुसता जळफळला.

चारुतानं नवा मराठी कीबोर्ड टाकला होता, पोरं त्यावर खूश होती. तो काढून टाकायचा आणि संध्याकाळच्या बॅचसमोर बयेची फजिती होऊ द्यायची, असं वैदेहीनं ठरवलं. मुख्य मशीनचा पासवर्ड चारुतानंच दिला होता, फक्त तिला. "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं?" म्हणाली होती. दुपारी घर झोपलेलं असताना वैदेहीनं काळ्या खिडकीत, बघून बघून पाठ झालेली, काढायची ओळ लिहिली. भराभर इंग्रजी ओळी आल्या. यासोबत आणखी काय काय जाईल ते सांगून मशीननं विचारलं, चालेल का, हो की नाही? वैदेहीनं जन्मभराच्या सवयीनं हो करून टाकलं. त्या ओळींत तिच्या धड्यांचंही नाव होतं. धडे त्या कीबोर्डच्याच आधारावर उभे होते.

संध्याकाळी गंगापूरचा रामेश्वर ओरडला, "मॅडम, कीबोर्ड चालंना, अन् तुमचे धडेबी नाय दिसत. लई शोधलं."

वैदेही खुर्चीतून उठली.

चारुता मुख्य मशीनवर बसली. तिनं वरचा बाण दाबला तशी शेवटची लिहिलेली ओळ पडद्यावर उमटली. ती वैदेहीनंही वाचली, चारुताच्या मागे उभं राहून. चारुतानं मान वळवली नाही. ओळ पुसली, नवी लिहिली, आणि कीबोर्ड, धडे दोन्ही परत आले.

"काय झालं गं?" सासूबाई दारात आल्या.

"काही नाही आई. माझ्याकडूनच चुकून निघालं होतं."

"असू दे. चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं." मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "शिका जरा हिच्याकडून."

खरं तर वैदेही सुटली होती. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिला ते सोसवेना. क्लास हिचा, पोरं हिची, सासू हिची, आणि आता मोठं मनही हिचंच?

"तिनं नाही काढलं," वैदेही सगळ्यांदेखत म्हणाली. "मी काढलं. मुद्दाम काढलं."

टायपिंगचा आवाज थांबला. चारुतानं डोळे मिटून घेतले. सासूबाई मात्र वैदेहीकडे बघत राहिल्या, फक्त तिच्याकडे, कितीतरी महिन्यांनी. आणि लाज वाटायच्या आधी, क्षणभर, वैदेहीला बरं वाटलं.